हणमंतरावांचा नेम

बडोद्याच्या मराठी शस्त्रपरंपरेचा अखेरचा आविष्कार मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. इतिहासकारांनी त्याची दखल घेतलेली नाही, आणि त्यांना दोष देता येणार नाही. गावाबाहेर छाणीला, एका वेल्डिंगच्या वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत, दसऱ्याच्या सकाळी तो घडला. समोर शत्रू म्हणून एक कोहळा होता. हातात परदेशातून आलेलं, दोन वितींचंही नसेल एवढं हातधनुष्य होतं. आणि वीरानं डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट घातलं होतं.

वीराचं नाव हणमंतराव माने. घडियाळी पोळीत, म्हणजे शहरातल्या जुन्या गल्लीत, आमच्या समोरच्या घरात राहायचे. मान्यांचं घराणं संस्थानच्या फौजेतलं. त्यांच्या दिवाणखान्यात पणजोबांचं एक मोठं तैलचित्र होतं, त्यात पणजोबा कमरेच्या तलवारीवर हात ठेवून आपल्याकडे संशयानं बघायचे. चित्राखाली तीच तलवार खुंटीला टांगलेली असे आणि तिच्या टोकाला बाटलीचं बूच लावलेलं असे. ते बूच हणमंतरावांनी लावलं होतं. मान्यांच्या मागच्या तीन पिढ्यांनी राजवाड्याच्या फाटकावर पहारा केला होता. त्या काळात फाटकावर कोणी चालून आलं नाही. याचं श्रेय हणमंतराव पहाऱ्याला द्यायचे. मी शांततेला द्यायचो. त्यावरून आमची मैत्री जमली.

"तुम्ही चिटणीस म्हणजे लेखणीवाले," ते म्हणायचे. "तुमच्या पूर्वजांनी लिहिलं म्हणून आमच्या पूर्वजांना लढावं लागलं."

मी म्हणायचो, "तुमचे पूर्वज लढले कधी, तेवढं सांगा. आमच्या दप्तरात सापडत नाही."

ते हसायचे नाहीत, पण त्यांच्या मिशीचं एक टोक हलायचं. मोठी मिशी, ताठ पाठ, सहा फुटांच्या आसपास उंची. रस्त्यानं चालले की मागून बँड येतोय असं वाटायचं. आणि हा माणूस उभा जन्म एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. धावू नका, वाकू नका, डोकावू नका, हात घालू नका, हे सांगण्याचा त्यांना पगार मिळत असे. ज्या घराण्याचं ब्रीद 'पुढे व्हा' असायला हवं, त्या घराण्यातल्या या पुरुषाचं आवडतं वाक्य होतं, "जरा मागं व्हा."

पोळीतली सगळी पोरं त्यांना सेफ्टीकाका म्हणत. त्यांच्या जिन्याच्या पायथ्याशी आगीसाठी लाल बादली होती, वाळूनं भरलेली. ताराकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, एकदा त्या वाळूत आलं पुरून ठेवलं. हणमंतरावांनी ते उकरून काढलं आणि बायकोला शांतपणे विचारलं, "आग लागली तर काय चहा करायचा?"

उत्तरायणाला अख्खं बडोदं पतंग घेऊन अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, चढतं. हणमंतराव पहाटेच चढायचे आणि कठड्यापासून दोन हात आत पिवळ्या रंगाची रेघ मारायचे. रेघेच्या पलीकडे पाऊल टाकलं की शिट्टी. येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात ते स्वतःच्या हातानं मफलर गुंडाळायचे, मांजानं गळा कापू नये म्हणून. मकर संक्रांतीच्या उन्हात आम्ही सगळे न्युमोनियातून उठल्यासारखे दिसायचो. शेजारच्या अगाशीवरचे लोक ओरडायचे, "काका, पतंग चगावो छो के ऑपरेशन करो छो?" हणमंतराव त्यांच्याकडे बघायचे आणि त्यांच्या कठड्याच्या उंचीबद्दल प्रतिकूल मत व्यक्त करायचे.

मुलीच्या लग्नात तर त्यांनी कमाल केली. होमकुंड पेटल्यापासून सप्तपदी संपेपर्यंत ते भिजवलेलं गोणपाट हातावर घेऊन गुरुजींच्या मागं उभे होते. वधूपिता, फेटा, शेरवानी आणि गोणपाट. वराकडच्या मंडळींना वाटलं, ही मराठ्यांची काहीतरी रीत असावी. पुढच्या महिन्यात आमच्याच पोळीतल्या दुसऱ्या एका लग्नात मुलीचा मामा मला बाजूला घेऊन विचारत होता, "गोणपाट नवं लागतं की जुनं चालतं?"

"घाईत मेलेल्याचं काम कुणी पूर्ण करत नाही," असं ते म्हणायचे. आणखी एक सवय म्हणजे, कुठलीही गोष्ट पडली, फुटली, सांडली की ते "कारण?" असं विचारायचे. रागानं नाही, चौकशीसाठी. दूध उतू गेलं, कारण? पाहुण्याचा पाय मुरगळला, कारण? "नशीब" हे उत्तर ते स्वीकारत नसत. ताराकाकू म्हणायच्या, "माझ्या लग्नाचं कारण तेवढं ह्यांना अजून सापडलेलं नाही."

ते निवृत्त झाले ते नव्वदनंतरच्या त्या दिवसांत. कारखान्यांनी नवी यंत्रं आणली आणि जुनी माणसं काढली, म्हणजे त्यांना गोड बोलून, चेक देऊन घरी पाठवलं. सेफ्टी खातं एका सल्लागार कंपनीकडे गेलं. तिनं पहिलं काम म्हणून सुरक्षेवर इंग्रजी पोस्टर्स छापली. निरोपसमारंभाला मी गेलो होतो. हार, शाल, आणि भाषणांत 'सीमेवरचा प्रहरी' वगैरे उपमा. मी खुर्चीत अवघडून बसलो होतो. मग एक फोरमन उठला. त्यानं उपमा दिल्या नाहीत. तो म्हणाला, "मानेसाहेबांच्या काळात बोटं गेली, दोनतीन. एकाचा पाय गेला. पण डोळा एकाचाही गेला नाही."

सभेत टाळ्या पडल्या. फोरमननं खाली बसल्यावर शेजारी असलेल्या मला पुढचं सांगितलं. एका फिटरनं ग्राइंडिंग करताना चष्मा कपाळावर सरकवला होता. मानेसाहेबांनी लांबून पाहिलं, धावत जाऊन मेन स्विच बंद केला. "धावत, साहेब. धावू नका म्हणणारा माणूस धावला." आणि मग त्या फिटरला न बोलता तिथंच जमिनीवर बसले. त्यांचे हात थरथरत होते. फिटरनंच त्यांना पाणी आणून दिलं.

मी ती गोष्ट ऐकली आणि कर्तव्यदक्षता म्हणून मनात नोंदवून ठेवली. माणसांबद्दल आपण काय काय नोंदवून ठेवतो, याला काही हिशेब नाही.

हणमंतरावांचा धाकटा भाऊ वसंतराव. इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेले, तिथंच यंत्रांची डिझाइनं करून निवृत्त झाले. त्यांचा उजवा डोळा लहानपणीच गेला होता. देवी आल्या होत्या, त्यात गेला, असं पोळीतल्या जुन्या माणसांना माहीत होतं. चेहऱ्यावर देवीचा एकही व्रण नव्हता, पण पोळीत एखादी गोष्ट ठरली की पुराव्याची गरज उरत नाही. ते फारसे यायचे नाहीत. त्या वर्षी नवरात्रात आले, बऱ्याच वर्षांनी, आणि एकटे आले.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तर दिवाणखान्यात बॅग उघडलेली. ताराकाकूंना सुऱ्यांचा सेट, मला एक जाडजूड पेन, लेखणीवाला म्हणून. मग वसंतरावांनी कपड्यांच्या तळातून एक खोका काढला आणि भावासमोर ठेवला.

"दादा, हे तुला."

खोक्यात ते हातधनुष्य होतं. पिस्तुलासारखी मूठ, तिच्यावर दांडा, दांड्याच्या पुढं आडवं बसवलेलं छोटंसं काळं धनुष्य, दोरी. सोबत बोटभर लांबीचे काही बाण. आमच्याकडच्या कीर्तनातल्या धनुष्याशी त्याचं नातं एवढंच, की दोन्हीत दोरी होती.

"विमानतळावर काय सांगितलंस?" मी विचारलं.

"कस्टमवाला म्हणाला, हे काय? म्हटलं, मोठ्या भावासाठी खेळणं. तो म्हणाला, भाऊ केवढा आहे? म्हटलं, पासष्टीचा. मग त्यानं जाऊ दिलं. त्याला माझी दया आली असणार."

आम्ही हसलो. हणमंतराव हसले नाहीत. त्यांनी खोक्याला हातसुद्धा लावला नव्हता. त्यांचा चेहरा पणजोबांच्या चित्रासारखा झाला होता.

"हे शस्त्र आहे," ते म्हणाले.

"खेळण्याचंच आहे. कागदी लक्ष्यावर मारायचं. मी तिकडं क्लबात जातो दर शनिवारी. मला फायदा असा, की नेम धरायला दुसरा डोळा मिटावा लागत नाही."

ताराकाकू एकदम आत गेल्या. कुकरची शिट्टी झाली नव्हती, तरी गेल्या.

"ठेवून घेतो," हणमंतराव म्हणाले. "पूजेला मांडू. पण चालवणार नाही."

"मी चालवून बघायलाच आणलंय, दादा."

"नाही."

विषय तिथं संपला. वसंतरावांनी खोक्यातली माहितीपुस्तिका काढून भावाच्या मांडीवर ठेवली. "निदान हे वाच. अर्धं पुस्तक धोक्याच्या सूचनांनी भरलंय. तुझ्यासाठीच लिहिलंय."

अष्टमीच्या दिवशी, उन्हं उतरताना, वसंतराव मला अगाशीवर भेटले. खाली मैदानात गरब्याच्या लाउडस्पीकरवर कोणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. कठड्याजवळ उत्तरायणाची पिवळी रेघ फिकट दिसत होती. वसंतराव तिच्या अलीकडे उभे होते.

"चिटणीस, तुम्ही दादाला सांगा ना. तुमचं ऐकेल."

"माझं? माझ्या घराण्याचं तर त्यांनी कधीच ऐकलेलं नाही."

ते थोडं हसले. मग म्हणाले, "देवीबिवी काही आल्या नव्हत्या मला. माहितीय तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं.

दसराच होता, ते म्हणाले. बाजारात दसऱ्याला बांबूची धनुष्यं विकायला येतात, तसलं एक वडिलांनी आणलं होतं. दोघांत एक. दादा अकरा वर्षांचा, धाकटा हा आठचा. घरात तलवारीनं कापायचा कोहळा अंगणात आणून ठेवला होता. त्याच्यावर आधी कुणी मारायचं, यावरून भांडण लागलं. चांगलंच लागलं, चावाचावीपर्यंत. दादा मोठा, त्यानं धनुष्य हिसकावून घेतलं. हा चिडून कोहळ्याकडं धावला, उचलून फेकून द्यावा म्हणून. तेवढ्यात बाण सुटला.

"आजोबांनी ठरवलं, बाहेर देवी सांगायचं. फौजेतलं घराणं, आणि घरातल्या घरात असं. लाज वाटली असेल." वसंतरावांनी चष्मा काढून पुसला. "मी त्याला कधी विचारलं नाही, चिटणीस, की नेम कोहळ्यावर होता की माझ्यावर. आणि त्यानं कधी सांगितलं नाही. मला वाटतं, त्याला स्वतःलाच माहीत नसावं. राग तर आला होताच. एवढ्या वर्षांत एकदाही आम्ही त्यावर बोललेलो नाही. मी इंजिनिअर झालो, तो सेफ्टीत गेला. बस."

मला त्या फोरमनची गोष्ट आठवली. जमिनीवर बसलेला माणूस, थरथरणारे हात. कारणांची चौकशी करत आयुष्य काढलेल्या माणसाकडे एक चौकशी उघडीच पडून होती, आणि तिचा साक्षीदार माझ्यासमोर उभा होता.

"आता का?" मी विचारलं.

"हा उरलेला डोळाही चाललाय. मागचा पडदा सुटतोय. एकदा शिवून झाला. डॉक्टर म्हणतात, वर्षभर चाललं तर चाललं." त्यांनी चष्मा परत घातला. "मला दादाचा नेम एकदा बघायचाय. मागच्या वेळी नीट बघता आला नव्हता."

मी हणमंतरावांना काही सांगितलं नाही. असल्या बाबतीत माझ्यासारख्या प्राध्यापकानं बोललं की व्याख्यान होतं. पण नवमीला सकाळी मी गेलो, तर हणमंतराव ती माहितीपुस्तिका वाचत बसले होते आणि समोर पाटावर खंडेनवमीची शस्त्रपूजा मांडलेली होती. तलवार, बुचासकट. पक्कड, पाना, टॉर्च. कारखान्यातला सेफ्टी चष्मा, जो ते दरवर्षी मांडायचे आणि आम्ही दरवर्षी हसायचो. आणि मध्ये, हळदकुंकू वाहिलेलं हातधनुष्य. ताराकाकूंनी त्याला झेंडूचं फूल लावलं होतं आणि दांड्याच्या पुढच्या टोकाला, बाण जिथून बाहेर पडतो तिथं, पूजेचा लाल-पिवळा धागा चांगला चारपाच वेढे देऊन बांधला होता.

"बाण न लावता खटका ओढायचा नाही," हणमंतराव पुस्तिकेतून वाचत होते. "दोरी ताणल्यावर अंगठा तिच्या वाटेत ठेवायचा नाही. बघणाऱ्यांनीही चष्मे घालावेत. हे शेवटचं यांनी फार बारीक अक्षरात छापलंय. मोठं हवं होतं."

"मग?" वसंतराव म्हणाले.

"आज पूजेला बसलेलं शस्त्र चालवत नाहीत." त्यांनी पुस्तिका मिटली. "उद्या. नियमानं. घरात नाही आणि पोळीत तर नाहीच. गावाबाहेर."

ताराकाकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग झेंडूचा गंध डोळ्यांत जातो म्हणून तक्रार केली.

दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असतं. आमचं सीमोल्लंघन हसमुखभाईंच्या टेम्पोतून झालं. हसमुखभाई हे पोळीतलेच, त्यांचं छाणीला वर्कशॉप. जकातनाक्यावर टेम्पो थांबवला गेला, काय माल आहे म्हणून. मागं वाळूची पोती, दोन जुन्या गाद्या, एक कोहळा, लाल बादली आणि हेल्मेट घातलेले हणमंतराव. नाक्यावरच्या माणसानं कोहळ्याकडं बघितलं, हणमंतरावांकडं बघितलं आणि हात हलवून सोडलं. मान्यांच्या सेनेवर असा सीमा ओलांडण्याचा प्रसंग बऱ्याच पिढ्यांनी आला असावा.

वर्कशॉप सणामुळं बंद होतं. मागच्या जागेत हणमंतरावांनी तासभर तयारी केली. कोहळ्यामागं वाळूची पोती, पोत्यांमागं गादी. फाटकाला कडी आणि कडीला लाल फडकं. चुन्यानं आडवी रेघ, तिच्यापुढं कुणीही जायचं नाही. सगळ्यांना चष्मे. वसंतरावांना चष्मा देताना त्यांचा हात थोडा थांबला.

"एक काच फुकट जाते माझ्यावर," वसंतराव म्हणाले.

"दोन्ही लावायच्या," हणमंतराव म्हणाले.

दुसरी गादी त्यांनी उजव्या बाजूला, रेघेच्या पुढं, पाण्याच्या टाकीला टेकवून उभी केली.

"आ शा माटे, काका?" हसमुखभाईंनी विचारलं. "कोळुं तो सामे छे!"

"बाण बाजूला गेला तर."

"एवढ्या जवळून बाजूला कसा जाईल? आ तो रमकडुं छे, खेळणं! आणि काका, फाफडा-जलेबी ठंडी थाय छे."

"जरा मागं व्हा," हणमंतराव म्हणाले.

मग त्यांनी हातधनुष्य उचललं. मी त्यांना ते धरताना पहिल्यांदाच बघत होतो. सगळं पुस्तिकेप्रमाणं. तोंड जमिनीकडं, बोट खटक्याबाहेर. दोरी तपासली, मूठ तपासली, बाण उन्हात धरून सरळ आहे ना ते बघितलं. मग त्यांची नजर त्या धाग्यावर गेली.

"हा काढायला हवा. इथं वेढे आहेत, बाणाच्या वाटेत येतील."

ताराकाकू म्हणाल्या, "अहो, पूजेचा धागा दसऱ्याला तोडायचा नसतो. अपशकुन होतो."

"राहू दे, दादा," वसंतराव म्हणाले. "देवाचा आहे. काही होत नाही."

हणमंतरावांनी भावाकडं बघितलं. त्यांच्या उभ्या आयुष्यात कुणाच्या 'काही होत नाही'वर त्यांनी विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही. पण धाकट्या भावानं त्या सकाळी मागितलेली ती पहिली गोष्ट होती. त्यांनी धागा राहू दिला.

दोरी ताणली. खटक्याची कळ बसली. बाण ठेवला. अंगठा खाली. मग ते उभे राहिले, आणि उभेच राहिले. समोर पाचसहा पावलांवर कोहळा, चांगला घागरीएवढा. हसमुखभाईंनीसुद्धा जिलेबीचा विषय सोडला. टाकीवर एक कावळा येऊन बसला आणि हणमंतरावांनी तो उडेपर्यंत वाट पाहिली. वसंतराव त्यांच्या शेजारी, रेघेच्या मागं, थोडे पुढं झुकून बघत होते. कोहळ्याकडं नव्हे. भावाच्या हातांकडं.

हात थरथरत नव्हते. चेहरा मात्र मला बघवेना.

"मार, दादा," वसंतराव हळूच म्हणाले.

खट् असा आवाज झाला. कोहळा होता तसा होता. बाण कुठं गेला हे आम्हाला क्षणभर कळलंच नाही. मग हसमुखभाईंनी बोट दाखवलं. उजवीकडच्या गादीत, अगदी कडेला, पिसांपर्यंत रुतला होता. गादी नसती तर तो टाकीच्या पत्र्यावर आपटून कुणाच्या अंगावर उलटला असता, हे सांगता येत नाही.

हणमंतरावांनी हातधनुष्य खाली ठेवलं आणि ते जमिनीवर बसले. फोरमननं सांगितलं होतं तसेच. रंग उतरलेला.

आणि वसंतराव हसायला लागले. आधी हळू, मग मोठ्यानं. कमरेवर हात ठेवून, चष्म्याच्या आतून पाणी गळेपर्यंत.

"अरे दादा! इतक्या जवळून एवढा मोठा कोहळा तुला लागत नाही!" त्यांना बोलवेना. "मग मी तर केवढासा होतो रे! मला काय कपाळ नेम धरून मारणार होतास तू?"

हणमंतराव वर बघत राहिले. ताराकाकू तोंडावर हात धरून उभ्या होत्या. वसंतराव भावाशेजारी मातीत बसले आणि त्यांनी त्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, लहान मुलाची टोपी काढावी तसं.

"मला वाटायचं..." हणमंतराव म्हणाले. 

"काही वाटून घेऊ नकोस. बघितलं मी आता. नीट बघितलं. तुला नेमच नाही."

थोड्या वेळानं हणमंतराव उठले. सवयच ती. काही चुकलं की आधी कारण. त्यांनी हातधनुष्य उचलून दांडा उलटसुलट करून पाहिला. मी जवळच होतो, मलाही दिसलं. धाग्याची गाठ बाणाच्या खोबणीत आली होती आणि पिसं घासून तिचे दोन पदर तुटले होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळावं इतकं ते कारण स्वच्छ होतं. हणमंतरावांनी गाठीवरून अंगठा फिरवला. भावाकडं पाहिलं. वसंतराव डोळे पुसत हसमुखभाईंना सांगत होते, "आमच्या घराण्यात कुणालाच नेम नाही हो, म्हणून पहाऱ्यावर ठेवलं होतं."

"कारण?" मी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

हणमंतरावांनी धागा सोडवला आणि खिशात टाकला.

"नेम चुकला," ते म्हणाले.

त्यांच्या हयातीतला हा एकच चौकशी अहवाल मला चुकीचा वाटतो. वसंतरावांबद्दल मी खात्रीनं काही म्हणू शकत नाही. जन्मभर त्यांनी यंत्रांच्या वाटेत काय येतं आणि त्यानं काय होतं, याचाच विचार केला होता. बाणाच्या वाटेतला धागा त्यांनी राहू द्यायला सांगितला, तो भक्तीनं सांगितला असेल. अमेरिकेत माणसं भाविक होतात असं म्हणतात.

आम्ही आपट्याची पानं एकमेकांना दिली. दोघा भावांनी एकमेकांना दिली तेव्हा धाकट्यानं वाकून पाया पडायला सुरुवात केली आणि मोठ्यानं त्याला मधेच धरला, चष्मा पडेल म्हणून. मग गार झालेली जिलेबी खाल्ली. कोहळा ताराकाकूंनी परत नेला, आणि मान्यांच्या घरी त्या आठवड्यात त्याच्या वड्या झाल्या.

वसंतराव अमेरिकेला परत गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांचा डोळा पूर्ण मिटला. रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. आमच्या ओट्यापर्यंत हणमंतरावांचा आवाज यायचा. परदेशाशी बोलताना ते फोनवर अवलंबून राहत नसत. वसंतरावांचा प्रश्न ऐकू यायचा नाही, पण उत्तरावरून कळायचा.

"नाही रे. नेम नाही सुधारला." मग थोडं थांबून, "नाही, सुधारणार नाही."

त्या दसऱ्यानंतर त्यांच्यात एक फरक पडला. कुणाच्या घरी कप फुटला तर ते "कारण?" विचारायचे, पण उत्तराची वाट न बघता चहा प्यायला लागायचे.

शेवटची भेट त्यांच्या खोलीत झाली. हृदय थकलं होतं, जिना बंद झाला होता. पलंगाच्या कडेला पट्टी ठोकलेली, पडू नये म्हणून. ती त्यांनी स्वतः सांगून ठोकून घेतली होती. त्यांनी ताराकाकूंना खूण केली आणि काकूंनी कपाटातून तो खोका आणून माझ्या हातात दिला.

"तुमच्याकडे ठेवा, चिटणीस. वसूला परत पाठवू नका, त्याला आता काय दिसणार. जावयाकडे गेलं तर त्याचे मित्र खेळतील. लेखणीवाल्यांच्या घरात शस्त्र सगळ्यात सुरक्षित."

मी खोका उघडला. हातधनुष्य, बाण, माहितीपुस्तिका, आणि पुस्तिकेच्या पानांत दाबून ठेवलेला तो लाल-पिवळा धागा, दोन पदर तुटलेला.

"हा?" मी विचारलं.

"तो फेकून द्या," ते म्हणाले. आणि मिशीचं एक टोक हललं.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. बडोद्यात मान्यांचं नाव सांगणारं कुणी उरलं नाही. ताराकाकू मुलीकडे गेल्या, तलवार बुचासकट जावयाच्या फ्लॅटमध्ये शोकेसमध्ये आहे. वसंतरावही गेले, भावाच्या नेमाविषयीचं आपलं मत न बदलता.

मागच्या दसऱ्याला मी तो खोका घेऊन अगाशीवर गेलो. दार लावलं, चष्मा घातला, नव्या फ्रिजबरोबर आलेलं थर्माकोल वाळूच्या पोत्याला टेकवून उभं केलं आणि त्यावर पेनानं एक गोल काढला. मी आयुष्यात कधी गलोलसुद्धा मारलेली नाही, आणि आता माझा हात चांगलाच कापतो. हातधनुष्याला मी धागा बांधला नव्हता.

बाण अगदी सरळ जातो.